कांचनजंगावर बर्फ केव्हा पडते आणि कोठे साचते?

प्रश्न (खानापूर): नमस्कार. नववीच्या वर्गात पर्जन्यछाया (डोंगराआडचा कमी पावसाचा प्रदेश) शिकवताना मी आपल्याच बेळगाव जिल्ह्याचे उदाहरण देतो. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला लावणीची माणसे इरली पांघरून चिखलात वाकलेली असतात, तेव्हा पूर्वेकडच्या कोरड्या अथणीचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. त्यावरून एका विद्यार्थिनीने विचारले की, घाटमाथ्यावर एवढा पाऊस पडतो, तर सिक्कीम-नेपाळ सीमेवरील ८५८६ मीटर उंच कांचनजंगाच्या माथ्यावर सर्वाधिक बर्फ पडत असेल का, आणि ते हिवाळ्यातच पडते का?

उत्तर (निपाणी): मुलीचा तर्क सह्याद्रीला लागू पडतो, कारण आपला घाटमाथा बाष्पाने भरलेल्या थरातच आहे. हिमालयात मात्र वारे पायथ्याच्या आणि मधल्या उतारांवरच बहुतेक पाणी टाकून मोकळे होतात. पुढे हवा इतकी थंड आणि विरळ होते की, तिच्यात फारसे बाष्प मावतच नाही. शिखरावरचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक-तृतीयांश असतो. शिवाय तेथे पडलेले बर्फ सोसाट्याचा वारा उडवून नेतो आणि कडे उघडे पडतात. बर्फ साचते ते खालच्या खोलगट भागांत. सुमारे २६ किलोमीटर लांबीची झेमू हिमनदी त्यावरच पोसली जाते.

उत्तर (बेळगाव): हंगामाचे उत्तर मुलांना चकित करील. तेथील बहुतेक बर्फ आपल्या पावसाळ्यातच पडते. बंगालच्या उपसागरावरील मोसमी वारे राजमहाल आणि गारो टेकड्यांमधील सखल पट्ट्यातून विनाअडथळा सिक्कीमपर्यंत पोहोचतात. याउलट वायव्येकडील काराकोरम पर्वतरांगेत पश्चिमी विक्षोभांमुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींमुळे) हिवाळ्यात बर्फाची भर पडते. म्हणूनच कांचनजंगाच्या हिमनद्यांची मला अधिक काळजी वाटते, कारण त्यांची भर आणि वितळण एकाच ऋतूत होते. तापमान थोडे वाढले तरी खालच्या भागात बर्फाऐवजी पाऊस पडतो, म्हणजे भर घटते आणि वितळणही वाढते. गिर्यारोहकही हा हंगाम टाळतात. पहिली चढाई २५ मे १९५५ रोजी, मोसमी पावसापूर्वीच झाली.

प्रश्नकर्ता (खानापूर): दोघांचेही मनापासून आभार. मग तेथील अथणी कोणती म्हणावी?

उत्तर (निपाणी): सर, सिक्कीमचा उत्तर टोकाचा भाग दाखवा. गुरुडोंगमार सरोवराचा परिसर पाच हजार मीटरांहून उंच आहे, तरीही तो कोरडा आणि जवळजवळ वृक्षहीन आहे, कारण दक्षिणेकडील रांगा ओलांडेपर्यंत वाऱ्यांतील बहुतेक बाष्प संपलेले असते. नकाशावर दक्षिणेकडचे पावसाळी मंगन आणि गुरुडोंगमार शेजारी ठेवलेत, तर कणकुंबी-अथणीचा फरक मुलांना लगेच ओळखता येईल.