मदत हवी आहे: काथ्या घातल्यावर उष्णतावाहकता वाढतेय!

नमस्कार मंडळी. छताखाली लावायला काथ्या आणि इपॉक्सी (घट्ट होणारी कृत्रिम राळ) यांचा उष्णतारोधक पत्रा बनवतेय. नुसत्या इपॉक्सीची वाहकता ०.२ वॅट प्रति मीटर केल्व्हिनच्या आसपास. काथ्याचा धागा आतून पोकळ, त्यात हवा (०.०२६), म्हणजे आकडा उतरायला हवा. माझा मात्र चढतोय.

संशय ओलाव्यावर आहे. पाण्याची वाहकता ०.६, काथ्या दमट हवेतलं पाणी ओढतो, आणि साचे मी ऐन पावसाळ्यात ओतले. धागे कॉस्टिक सोड्याच्या ५ टक्के द्रावणात धुतले, पण वाळवले नुसते वाऱ्यावर. भट्टीत किती तापमानाला, किती तास ठेवावेत? की धागे जाडीच्या दिशेने उभे राहिले असतील? लांबीच्या दिशेने उष्णता जास्त वाहते ना! नमुना न कापता हे कसं ओळखायचं? कुणी केलं असेल तर कृपया सांगा, पुढचे साचे अडलेत.