कारगिलमध्ये विमाने उशिरा का आली? दलांमधील मानापमान की दिल्लीचा निर्णय?

प्रश्न : गुहागर

आमच्या वाचनालयात सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी मी दर रविवारी युद्ध-इतिहासाचा वर्ग घेतो. मे १९९९ च्या आरंभीच घुसखोरी लक्षात आली असताना हवाई दलाची पहिली कारवाई २६ मे रोजी का झाली, असे एका मुलाने विचारले. तेव्हा वर्गाला आलेल्या एका माजी सैनिकाने ‘त्यांना आपला मान मोठा वाटला’ एवढेच उत्तर दिले. मुलांनी ते तत्काळ मान्य केले. मला ते पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : चिपळूण

गुरुजी, मी पायदळात होतो. डोंगरावर अडकलेल्या जवानाला आकाशात आपले विमान दिसले नाही की त्याच्या मनात काय येते हे मला ठाऊक आहे, म्हणून त्या माजी सैनिकाचा राग मी समजू शकतो. तरीही त्याचे उत्तर अपुरे आहे.

लष्कराची पहिली मागणी सशस्त्र हेलिकॉप्टरांची होती. हवाई दल प्रमुख अनिल टिपणीस यांचे म्हणणे असे की, एवढ्या उंचीवर हेलिकॉप्टर शत्रूच्या खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांचे सोपे लक्ष्य ठरेल. शिवाय हवाई शक्ती वापरली की युद्धाची व्याप्ती वाढते, म्हणून परवानगी सरकारनेच दिली पाहिजे. मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने २५ मे रोजी ती दिली, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही या अटीवर. २७ मे रोजी एक मिग-२७ आणि एक मिग-२१ आपण गमावले, आणि २८ मे रोजी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले जाऊन त्यातील चौघे वीरगतीस प्राप्त झाले. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरे त्या कामातून काढून घेण्यात आली. आधी व्यक्त केलेली भीती खरी होती हे सिद्ध करण्यासाठी चार जीव जावे लागले, याचे मला आजही दुःख होते.

मात्र हवाई दलाकडेही बोट दाखवावे लागेल. त्या उंचीवरच्या विरळ हवेत बॉम्ब नेहमीच्या हिशेबाने पडत नाही, आणि तिथे मारा करण्याचा पुरेसा सराव आधी झालेला नव्हता. मिराज २००० विमानांनी १७ जूनला मुंथो ढालो येथील रसदतळावर आणि २४ जूनला टायगर हिलवर हल्ला केला, तेव्हा चित्र पालटले.

उत्तर २ : वेंगुर्ले

वरील उत्तराला १९६५ ची जोड द्यावीशी वाटते, कारण तिथे परवानगीला उशीर झालाच नव्हता. १ सप्टेंबरला जम्मूच्या सीमेवरील छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना लष्करप्रमुख चौधरी यांनी हवाई मदत मागितली, आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी काही मिनिटांत होकार दिला. पठाणकोटहून व्हॅम्पायर विमाने संध्याकाळच्या उतरत्या उजेडात निघाली. त्यांपैकी चार परतली नाहीत, आणि काही मारा आपल्याच तुकड्यांवर झाला. जमिनीवरचा आणि आकाशातला माणूस एकमेकांशी बोलू शकत नसेल, तर मंत्र्याचा तत्पर होकारही पुरा पडत नाही.

याउलट ५ डिसेंबर १९७१ रोजी राजस्थानातील लोंगेवालात जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांना लष्कराच्याच वैमानिकाने लहानशा कृषक विमानातून लक्ष्ये दाखवली. हंटरचा वैमानिक हवाई दलाचा, कृषकचा लष्कराचा! मुलांना हा प्रसंग अवश्य सांगावा.

उत्तर ३ : मालवण

आपण किनाऱ्यावरचे लोक, म्हणून नौदलाचाही उल्लेख हवा. समुद्रावर टेहळणी करणारी सुपर कॉन्स्टलेशन विमाने हवाई दलाकडे होती, ती १९७६ मध्ये नौदलाकडे आली. जहाजांसोबत रोज राहणाऱ्या दलाने ते काम घ्यावे, हा युक्तिवाद अखेर मान्य झाला. लष्कराचा स्वतंत्र हवाई विभाग त्यानंतर दहा वर्षांनी, १९८६ मध्ये उभा राहिला. अपाचे या लढाऊ हेलिकॉप्टरांच्या बाबतीतही ती कोणत्या दलाकडे असावीत हाच वाद झाला, आणि शेवटी हवाई दलाला २२ व लष्कराला स्वतंत्रपणे ६ मिळायची ठरली. २०२१ मध्ये संरक्षण दलप्रमुख बिपिन रावत यांनी हवाई दलाला ‘साहाय्यक दल’ म्हटल्यावर हवाई दल प्रमुखांनी जाहीर असहमती नोंदवली होती. म्हणजे मानाचा प्रश्न अस्तित्वात आहे, हे नाकारू नये. परंतु कारगिलमधील तीन आठवड्यांचे ओझे केवळ त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होईल.

प्रश्नकर्ता : गुहागर

आपणा सर्वांचा ऋणी आहे. येत्या रविवारी छांब, लोंगेवाला आणि कारगिलचे नकाशे शेजारी शेजारी लावून, प्रत्येक ठिकाणी परवानगी कोणी दिली आणि लक्ष्य कोणी दाखवले, हे दोनच रकाने मुलांकडून भरून घेणार आहे. त्या माजी सैनिकांनाही मुद्दाम बोलावले आहे.