क्लबहाऊसमधलं मतदान केंद्र आणि कपड्यांची सूचना (सोसायटी ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे)

सचिव: नमस्कार मंडळी. बुधवारी, २० नोव्हेंबर २०२४ ला आपल्या क्लबहाऊसमध्ये मतदान आहे. भगवे, निळे, हिरवे कपडे घालून कोणी येऊ नये. वॉचमनला गेटवरच थांबवायला सांगितलंय.

ए-५०४: बरं केलंत. उगाच वाद नकोत.

सी-३०३: अहो, आमच्या सासूबाईंचं ठेवणीतलं लुगडंच भगवं आहे! आणि बाबांच्या खिशाला बाबासाहेबांचा बिल्ला कायम असतो. तो काढायला लावणार का?

बी-७०२: सचिव काका, ही सूचना कृपया मागे घ्या. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३० बघा. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करायचा नाही, निवडणुकीसंबंधी फलक किंवा खूण दाखवायची नाही. दंड २५० रुपयांपर्यंत. रंगाचा त्यात उल्लेखच नाही. पक्षाचं चिन्ह असलेलं उपरणं, टोपी नको, हे मला शंभर टक्के मान्य. पण भगवं लुगडं म्हणजे प्रचार, हे ठरवणारे आपण कोण?

ए-५०४: तासभर साधे कपडे घातले तर काय बिघडतं?

बी-७०२: कुणाचे साधे, हाच तर प्रश्न आहे दादा. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात केंद्रावर ‘राजकीय’ बिल्ले, कपडे यांना सरसकट बंदी होती. २०१० मध्ये एका मतदाराला टी-शर्ट आणि बिल्ल्यावरून अडवलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. राज्याच्या वकिलांना विचारलं, तिथल्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती, म्हणजे शस्त्र बाळगण्याचा हक्क, छापलेला शर्ट चालेल का? म्हणाले, नाही. पहिली दुरुस्ती, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य? चालेल! २०१८ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी बंदी रद्द झाली. केंद्रात प्रचाराला आळा घालणं कोर्टाला मान्य होतं, पण ‘राजकीय’ म्हणजे काय याला धरबंदच नव्हता, केंद्रावरचा माणूस म्हणेल ते. आपण तर तो अधिकार वॉचमनला देतोय. आधीच बिचारा पार्किंगवरून शिव्या खातो. कुणाचं आक्षेपार्ह वाटलंच तर केंद्राध्यक्ष बघतील.

सी-३०३: आणि बिल्ला?

बी-७०२: माझ्या मते ठेवावा. बाबासाहेब कुठल्या एका पक्षाचे नाहीत, वहिनी.

सचिव: पटलं. नवी सूचना: पक्षाचं नाव, चिन्ह किंवा उमेदवाराचा फोटो असलेले कपडे, टोपी, उपरणं, बिल्ला नको. बाकी काहीही घाला. वॉचमन कुणालाही अडवणार नाही.

डी-१०१: माझ्या गॅलरीत पक्षाचा झेंडा आहे. घर माझं आहे, तो तरी चालेल ना?

बी-७०२: नाही हो. कलमात खासगी जागासुद्धा आहे, आणि डी विंग क्लबहाऊसला लागूनच.

डी-१०१: मंगळवारी काढतो.