शेवटच्या अक्षरावर किती विसंबावे?

'ओ'काराने संपणारे नाम पुल्लिंगी आणि 'आ'काराने संपणारे स्त्रीलिंगी, हा स्पॅनिशचा नियम उपयोगी आहे; मात्र 'मानो' (हात) स्त्रीलिंगी आणि 'दीआ' (दिवस) पुल्लिंगी, हे अपवाद पहिल्याच आठवड्यात भेटतात. 'प्रोब्लेमा', 'सिस्तेमा' हे शब्द मूळ ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी होते. लॅटिनमधले ते लिंग स्पॅनिशच्या नामांतून लोपल्यावर असे शब्द पुल्लिंगात जाऊन बसले.

स्पॅनिशमध्ये एकवचनी पुल्लिंगी नामापूर्वी सहसा 'एल' आणि स्त्रीलिंगी नामापूर्वी 'ला' हे उपपद (इंग्रजी 'द'सारखे) येते; त्यावरून 'एल आग्वा' म्हणजे पाणी पुल्लिंगी, असे कोणी म्हणेल, तर ते मात्र बरोबर नाही. हा शब्द स्त्रीलिंगीच आहे, म्हणून थंड पाण्याला 'एल आग्वा फ्रीआ' म्हणतात, 'फ्रीओ' नव्हे, आणि अनेकवचनात 'लास आग्वास' हे रूप येते. येथील 'एल' लॅटिनच्या स्त्रीलिंगी 'इल्ला'पासूनच, मधल्या 'एला' या रूपातून, आला आहे. आघातयुक्त (जोर देऊन उच्चारलेल्या) 'आ'पुढे त्याचा शेवटचा स्वर गळाला, इतकेच. 'आमीगा'मध्ये (मैत्रीण) आघात 'मी'वर असल्याने तिथे 'ला'च राहतो. नपुंसकलिंगी 'पाणी' तोंडात बसलेल्या मराठी माणसाने येथे नामाऐवजी विशेषणाकडे पाहावे, असे मी सुचवीन.