परभाषेतले चित्रपट नाशिककर बघतील का?

नाशिकच्या चित्रपट महोत्सवाबद्दल एकाने लिहिलंय की त्यात परदेशी चित्रपट ठेवले तर खुर्च्या रिकाम्या राहतील, त्यापेक्षा मराठी-हिंदीच दाखवा. मला हे अजिबात पटत नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी मूकपट पाहिला, आणि तिथूनच १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' सुरू झाला. त्यांच्या गावात हा प्रश्न पडावा?

प्रश्न निवडीचा आहे. सुरुवातच तीन तासांच्या संथ चित्रपटाने केली तर लोक उठून जाणारच. माजिद माजिदींचा १९९७चा इराणी चित्रपट 'चिल्ड्रन ऑफ हेवन' लावा. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात, घरी सांगायची सोय नाही, मग दोघं एकच जोड आळीपाळीने घालतात. तिची शाळा सुटली की ती गल्लीतून धावत येते, तो चप्पल काढून बूट चढवतो आणि पळत सुटतो. पुढे शर्यतीत त्याला तिसराच नंबर हवा असतो, कारण बक्षीस बुटांचं. येतो मात्र पहिला! त्याचं तेव्हाचं तोंड बघून सातवीतल्या पोराच्याही पोटात कालवतं. फारसी कुणाला येते इथे?

इंग्रजी सबटायटल्सची अडचण मात्र खरी आहे, विशेषतः ज्येष्ठांना. त्यासाठी चित्रपटाआधी दहा मिनिटं मराठीत ओळख करून द्यावी आणि पात्रांची नावं, नाती छापलेला एक कागद दारातच हातात द्यावा. आयोजकांपैकी कुणी हे वाचत असेल तर कागद लिहायचं काम मी आनंदाने घेईन.