ओल्या केसांवरचे माप

दोन इंच सांगूनही पाच इंच केस कापले गेले आणि वर ‘वाढतील की परत’ असे ऐकून घ्यावे लागले, हा आपला अनुभव वाचून मला मनापासून वाईट वाटले. केस महिन्याला साधारण अर्धा इंचच वाढतात, म्हणजे ते जास्तीचे तीन इंच भरून यायला जवळजवळ सहा महिने जाणार.

माझे केस कुरळे आहेत. गेल्या वर्षी ‘फक्त दुभंगलेले शेंडे काढा’ असे सांगून मी खुर्चीत बसले, तेव्हा केस धुऊन, कंगव्याने ताणून, दोन बोटांच्या चिमटीत धरून कापले गेले आणि आरशात माप बरोबरही दिसले, पण वाळल्यावर खांद्याखाली रुळणारे तेच केस हनुवटीपाशी येऊन थांबले. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो, कुरळा तर फारच, हे रोज कात्री चालवणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे. दोन्ही बाजू सारख्या करण्याच्या नादात आणखी लांबी जाते, ती वेगळीच.

आता मी ‘थोडेसे’ हा शब्द वापरतच नाही, कारण त्याचा अर्थ प्रत्येकाचा निराळा असतो. कोरड्या केसांवर बोटाचे पेर टेकवून ‘एवढेच’ असे दाखवते आणि पहिली बट कापली की हात थांबवायला सांगून ती हातात घेऊन पाहते. त्यावर कोणी नाराज झाले, तरी मी उठत नाही.