पॅट चाचणीत वर्गाची सरासरी घसरली. आता सुधारणा आराखडा कशावरून करायचा?

द्राक्षपट्ट्यातल्या_बाई
दिंडोरी तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी. पट ५८, शिकवायला आम्ही दोघीच. येत्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांची बैठक) प्रत्येक शाळेने आकडेवारीवर आधारलेला सुधारणा आराखडा मांडायचा आहे. आकडे म्हणाल तर पोतंभर आहेत: यू-डायस (शाळेची सरकारी माहिती), पॅटचे म्हणजे वर्षातून ठरावीक वेळी होणाऱ्या सरकारी चाचण्यांचे मार्क, पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरीपत्रक. भरून भरून बोटं झिजली, पण त्यातला एकही आकडा उद्या वर्गात काय करू ते सांगत नाही.
मागच्या वर्षीच्या आराखड्यात "वाचनात १० टक्के वाढ" असं होतं. कोणाच्या वाचनात, ते लिहिणारीलाही माहीत नव्हतं. कागद फायलीत गेला आणि फाइल कपाटात.
त्यात तिसरीचं गणित. पॅटमधल्या पहिल्या, पायाभूत चाचणीत सरासरी १७ होती, त्यानंतरच्या संकलित १ चाचणीत १५ झाली. खुलासा द्यायचाय. पायाभूतला ११ मुलं होती, आता १४ आहेत. सुरुवात कुठून करू?

निवृत्त_केंद्रप्रमुख_निफाड
बाई, खुलासा तुमच्या शेवटच्या ओळीतच आहे. वाढलेली ३ मुलं द्राक्षांच्या छाटणीला आलेल्या मजुरांची असणार. ती आधी बाजूला काढा आणि पायाभूतला होती त्याच ११ जणांची सरासरी पुन्हा मांडा. तुलना करायची तर दोन्ही वेळी तीच मुलं हवीत. आणि १४ च्या वर्गात टक्क्यांत बोलूच नका. एक पोरगं तापाने घरी राहिलं की ७ टक्के हलतात.
आता खरं काम. सरकारी चॅटबॉटवर मार्क भरून झाले की आपण पेपरांचा गठ्ठा बांधून टाकतो. तो सोडा. मोठा आखीव कागद घ्या, उभी मुलांची नावं, आडवे प्रश्न. बरोबर तिथे टिंब, चूक तिथे फुली नको, मुलाने लिहिलेलं उत्तरच लिहा. ५२ वजा १७ ला एकाने ४५ लिहिलेलं असेल, दुसऱ्याने ६९. पेपरात दोघांनाही शून्य. पण पहिल्याने ७ मधून २ काढले, म्हणजे हातच्याची वजाबाकी कच्ची. त्याला दशकाचा गठ्ठा सोडून सुटे करायला बसवा. दुसऱ्याने सरळ बेरीज केली. त्याला वजाबाकी येतही असेल, चिन्ह बघितलं नाही एवढंच. दोघांना एकच उपचारात्मक वर्ग लावलात तर दुसऱ्याचा आठवडा वाया.
एखादा प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा चुकला असेल तर तो भाग पुन्हा शिकवायचा. एकाच मुलाची ओळ चुकांनी भरली असेल तर त्या मुलाला जवळ घेऊन बसायचं. आणि त्याच कागदाशेजारी हजेरीपत्रक उघडा. महिन्याची सरासरी हजेरी बघू नका, ती नेहमी बरीच दिसते. कोण कोणत्या आठवड्यात नव्हतं ते बघा. धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलेली मुलगी तिथेच सापडते, आणि तिचं औषध गणिताच्या तासात नसतं.
परख या केंद्राच्या मूल्यमापन संस्थेचं सर्वेक्षण (डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी, नववीचं झालं ते) आराखड्याला चिकटवू नका. ते नमुना सर्वेक्षण आहे. जिल्हा कुठे आहे ते कळतं, तुमची तिसरी कुठे आहे ते नाही. अहवालात रंगीत आलेख असला की साहेब खूश होतात, हे मीही खुर्चीवर असताना बघितलंय.

सुरगाण्याचा_मास्तर
बाई, ती ३ पोरं आमच्याकडची असू शकतात. भाताची आवणी उरकली, दसरा झाला की आई-बाप मजुरीला निघतात आणि वर्ग रिकामा व्हायला लागतो. दुसऱ्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी कार्ड देतो, पण त्यावर "इयत्ता तिसरी" एवढंच वाचून उपयोग नाही. मी आता मागे पेन्सिलीने वाचनाची पातळी लिहितो: अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट. असर या गावोगावच्या शैक्षणिक पाहणीच्या चाचणीतल्याच या पातळ्या. तोंडी, एकेका मुलाला घेऊन, पाच-दहा मिनिटांत होतं. तुम्ही परत पाठवताना तेवढंच लिहून पाठवा, म्हणजे पोरगं परतल्यावर पुन्हा बाराखडीपासून धरावं लागत नाही. आणि घरी कोकणी (आमच्याकडची आदिवासी बोली) बोलणारं मूल पहिले काही दिवस गप्प बसतं. त्या दिवसांत चाचणी घेऊ नका.

एसएमसीतली_आई
मी शिक्षिका नाही, शाळा व्यवस्थापन समितीत आहे. सरांचं पटलं, पण तो नावांचा कागद भिंतीवर लावू नका. आमच्याकडे एकदा "अप्रगत" मुलांची यादी बैठकीत मोठ्याने वाचली. ज्यांची नावं आली त्या आया पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत. कायद्याने आराखडा समितीनेच करायचा असतो, आमच्याकडे मात्र तो फक्त सहीला येतो. आईला एकटीला बोलवा, पोराची वही समोर ठेवा, काय येतं ते आधी दाखवा. आणि बैठक संध्याकाळी घ्या हो. अकराला आम्ही बागेत असतो.

द्राक्षपट्ट्यातल्या_बाई
सगळ्यांचे आभार. सर, मांडून बघितलं. नव्या तिघांना ४, ५ आणि ६ मार्क आहेत. उरलेल्या ११ जणांची सरासरी पावणेअठरा निघते, म्हणजे वाढली! खुलासा चार ओळींत होईल.
पण कागदावर दुसरंच दिसलं. हातच्याच्या वजाबाकीत ४५ छापाचं उत्तर ८ जणांचं आहे, त्यात सरासरीत "चांगली" दिसणारी ५. आराखड्यात पहिलं काम तेच लिहिते: हे ८ जण, नाताळापर्यंत, रोज परिपाठानंतर वीस मिनिटं, काड्यांचे गठ्ठे घेऊन. मग तशीच पण वेगळ्या आकड्यांची गणितं देऊन पुन्हा बघायचं. नावं माझ्या वहीत, परिषदेत फक्त संख्या.
मास्तर, तिघांपैकी दोघं शब्द वाचतात, एक अक्षरावर आहे. कार्ड एकाकडेच आहे. बाकी दोघांचे पालक मूळ शाळा सांगतात, पण विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलवर नावं सापडत नाहीत. तुमच्या केंद्रात विचारून बघाल का? गावांची नावं निरोपात टाकते.

सुरगाण्याचा_मास्तर
टाका. आडनावापेक्षा पाड्याचं नाव नक्की लिहा, एका गावात पाच पाडे असतात.